चढणारे आणि उतरणारे

साताऱ्यात पहाटे कुणी रस्त्यावरून पळताना दिसलं की पूर्वी बघणाऱ्याच्या तोंडून एकच प्रश्न यायचा, ‘कुठली भरती?’ लष्कराची, नाही तर पोलिसांची. ‘अपशिंगे मिलिटरी’ नावाचं गाव या जिल्ह्यात आहे आणि देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. अशा ठिकाणी पळणं म्हणजे वर्दी, पळणं म्हणजे नोकरी, हे समीकरण पक्कं होतं. पोरं सोळाशे मीटरच्या चाचणीसाठी घाम गाळायची आणि निवड झाली की साताऱ्याबाहेर पडायची. बाकीचे लोक चालायचे. दुकानदार, बँकेतल्या बायका, दवाखाने चालवणारे डॉक्टर, पेन्शनर मंडळी सकाळी ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत जायची, कुणी अजिंक्यतारा चढायचं, कुणी कुरणेश्वरला जाऊन यायचं. चाळिशीच्या माणसानं विनाकारण पळायचं, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

२०१२ साली ‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’ सुरू झाली आणि हे चित्र बदलायला लागलं. त्याच वर्षी पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर कासच्या पठाराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण रस्ता एकच. शहरातून समर्थ मंदिराकडे यायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, पठारावर कासच्या दिशेनं जायचं, साडेदहा किलोमीटरला वळायचं आणि आल्या वाटेनं परत. एकूण अंतर एकवीस किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर. ज्या कास तलावाचं पाणी पिऊन हे शहर वाढलं, त्या तलावाचीच ही वाट.

गेल्या इतक्या वर्षांत या शर्यतीबद्दल पुष्कळ बोललं गेलं. हवा, धुकं, सोनकीची पिवळी आणि तेरड्याची गुलाबी फुलं, घाटाचा अवघडपणा हे सगळं खरंच आहे. पण पुण्या-मुंबईहून, बंगळूरहून येणारे लोक परत जाताना ‘इथली माणसं वेगळी आहेत’ असं म्हणतात, त्याचं कारण मला या रस्त्यात दिसतं. जायचं आणि यायचं त्याच अरुंद घाटातून, आणि मधे भिंत नाही. त्यामुळे इथं एक गोष्ट घडते, जी सपाट शहरातल्या मोठ्या शर्यतींमध्ये क्वचितच घडते. पहिला येणारा धावपटू उतरत असतो तेव्हा शेवटची माणसं चढत असतात. दोघं एकमेकांना हाताच्या अंतरावरून बघतात. जिंकणारा कसा पळतो, हे मागच्यांना शर्यत सुरू असतानाच दिसतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुढच्यांना मागचे दिसतात.

मला हे पहिल्यांदा नीट कळलं ते घाटातल्या एका वळणावर. मी चढत होते आणि समोरून पहिली काही मुलं उतरत आली. पावलांचा आवाज आधी आला, मग धुक्यातून ती दिसली. काटक अंग, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. माझ्या शेजारी एक साठीच्या बाई होत्या, सलवार-कमीज आणि वर रिकाम्या पिशवीसारखा सैल रेनकोट. त्या थांबून टाळ्या वाजवायला लागल्या. त्या वेगात पळणाऱ्या मुलांपैकी एकानं मान वळवली, दम लागलेला असतानाही हात वर केला आणि म्हणाला, “चला मावशी, वर लई भारी वाटतंय!” एवढंच. तो गेला. मावशींनी मला सांगितलं, “माझ्या नातवाएवढा असेल,” आणि पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून त्या पुन्हा चढायला लागल्या. उरलेला चढ त्या एकदाही थांबल्या नाहीत.

पठारावरून वळून उतरायला लागलं की पाळी आपली. आता समोरून आपल्यापेक्षा हळू माणसं येत असतात. चढताना ज्याला कुणी ‘चला दादा’ म्हटलेलं असतं, तो उतरताना दुसऱ्याला ‘चला ताई’ म्हणतो. हे कुणी शिकवलेलं नाही, तसा फलकही कुठं लावलेला नाही. एकदा मिळालं की द्यावंसं वाटतं, इतकी साधी गोष्ट आहे. मुंबईहून वेळेचं गणित मनाशी बांधून आलेला एक तरुण मला शर्यतीनंतर सांगत होता की उतारावर हाताला हात लावता लावता त्याची दोन-तीन मिनिटं गेली. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. पुढच्या वर्षी तो बायकोलाही घेऊन आला.

गावकऱ्यांचं काय सांगावं! गणपतीचे दिवस जवळ आलेले असतात, ढोल-ताशांचा सराव सुरूच असतो, तेव्हा पथकं सकाळी रस्त्यावर उभी राहतात. लेझीम असते, तुतारी असते. सोसायट्यांमधल्या बायका नऊवारी नेसून, फेटे बांधून येतात. लहान पोरं दोन्ही बाजूंनी हात पुढे करून उभी असतात आणि एकही हात चुकला तर खट्टू होतात, म्हणून पळणारा रस्त्याच्या कडेकडेनं जातो. आयोजकांची पाण्याची टेबलं ठरलेल्या अंतरावर असतातच, पण मधेमधे लोकांची स्वतःची टेबलं लागतात. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, संत्र्याच्या फोडी, शेंगदाण्याची चिक्की, लिंबू सरबत. एका घरानं दारात स्टीलचं पातेलं ठेवलं होतं आणि त्यातून आजोबा डावानं सरबत ओतत होते. घेतल्याशिवाय पुढं जाऊ देत नव्हते. “साखर कमी, मीठ जास्त घातलंय, घ्या,” असं प्रत्येकाला बजावत होते. पळताना घामावाटे मीठ जातं आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस गरगरू शकतो, हे कुठलं पुस्तक वाचून त्यांना कळलेलं नसावं. घरातलं कुणी तरी पळत असणार.

आणि खरोखर तसंच झालं होतं. शर्यत वाढत गेली तसतसं जवळजवळ प्रत्येक गल्लीत पळणारं एक तरी माणूस तयार झालं. त्यामागे शर्यतीच्या दिवसापेक्षा आधीच्या महिन्यांचा वाटा मोठा. रविवारी सकाळी सराव, नव्यांना जुन्यांनी घेऊन जायचं, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, मग हळूहळू चालणं कमी करत जायचं. घाटात कसं चढायचं ते शिकवलं जायचं: पावलं लहान ठेवा, नजर वळणाच्या टोकावर नको, चार-पाच पावलं पुढे असू द्या, हात हलते ठेवा, बोलता येत नसेल तर वेग कमी करा. पहिल्या वर्षांमध्ये बायका अंधारातच पळून यायच्या, कुणी बघायच्या आत. नंतर उजाडल्यावर पळायला लागल्या, नंतर घोळक्यानं आणि त्यानंतर नवऱ्याला बरोबर घेऊन. हा बदल मी रस्त्यावर पाहिला आहे आणि या शर्यतीनं साताऱ्याला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट मी हीच मानते.

२०१५ साली शर्यतीचं नाव गिनीज बुकात गेलं. एका डोंगरावरच्या धावण्याच्या शर्यतीत सर्वाधिक लोकांनी भाग घेतल्याचा विक्रम. संख्या अडीच हजारांच्या वर होती. शहरात पेढे वाटले गेले, ते कंदीच असणार हे वेगळं सांगायला नको. मला त्या विक्रमातली एक बाब फार आवडते. तो विजेत्याच्या वेळेचा विक्रम नव्हता, संख्येचा होता. म्हणजे सर्वांत शेवटी धापा टाकत आलेल्या माणसाचंही त्यात पहिल्या येणाऱ्याइतकंच वजन. मोजणीत दोघंही एकेक. माझ्या ओळखीतल्या एका किराणा दुकानदारानं त्या विक्रमाचं प्रमाणपत्र गल्ल्यामागच्या भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावलं आहे आणि नवं गिऱ्हाईक आलं की ते दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर तब्बल बत्तीस वर्षांनी भारतीय महिला ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचली होती. ललिता माण तालुक्यातल्या मोहीची, म्हणजे याच जिल्ह्यातल्या दुष्काळी टोकाची. त्या आठवड्यात सरावाला आलेल्या बायका दुसरं काही बोलतच नव्हत्या. एक जण म्हणाली, “आमच्याकडं पावसात पळायचा कंटाळा करतो, तिच्याकडं पाऊसच नाही.” यवतेश्वरच्या धुक्यात भिजत पळणाऱ्यांना माणदेशातल्या उन्हाची आठवण त्या दिवशी जितकी झाली, तितकी एरवी होत नाही. एकाच जिल्ह्यात पळण्याच्या या दोन तऱ्हा आहेत, आणि पळून आयुष्य बदलणाऱ्या पोरींना आपल्यासारख्या हौशी धावणाऱ्यांच्या गर्दीतून काय मिळतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. बक्षिसाच्या रकमेसाठी येणारी, बूट झिजलेली मुलं दरवर्षी पुढच्या रांगेत दिसतात. त्यांच्याशी बोलायला आम्ही हौशी लोकांनी अधिक वेळ काढायला हवा.

उताराबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण नवे लोक इथं फसतात. सगळे भितात चढाला. चढाला दम लागतो, पण दम परत येतो. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात, आणि त्यात त्यांच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. त्या दिवशी काही वाटत नाही. दुखणं खरं वर येतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. शर्यतीनंतरच्या मंगळवारी साताऱ्यातल्या सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, शाळांत कठड्याला धरून, एकेक पायरी आडवं पाऊल टाकत जिना उतरणारी माणसं दिसतात आणि ती एकमेकांना बघून हसतात. नुसत्या त्या चालीवरून ओळख पटते. आधी कधी बोलणं झालेलं नसलं तरी ‘किती वेळ लागला?’ इथून सुरुवात होते.

२०२० मध्ये करोनानं सगळंच थांबवलं. घाट मोकळा, पथकं घरात. रविवारच्या सरावात ज्यांनी पळायला शिकवलं त्या डॉक्टर मंडळींचे दिवस-रात्र दवाखान्यात जात होते. सरावातले काही चेहरे नंतर परत आले नाहीत. काही गेले, काहींचा दम पूर्वीसारखा राहिला नाही. शर्यत पुन्हा भरली तेव्हा लोक जास्त हळू पळाले असं मला वाटलं, आणि जास्त बोलत पळाले. छातीची तपासणी करून घेतल्याशिवाय, महिनोन्‌महिने सराव केल्याशिवाय घाटात उतरू नका, हे आता पूर्वीपेक्षा अधिक ठामपणे सांगितलं जातं. ते योग्यच आहे. हा घाट मैत्रीचा असला तरी लेचापेचा नाही.

आता एक गोष्ट मनापासून लिहिते. ही शर्यत गावाच्या प्रेमावर उभी आहे आणि त्या गावात पठारावरची खेडीही येतात. शर्यतीच्या सकाळी घाट बंद असतो. खालच्या शहराला तो उत्सव असतो. वरच्या माणसाला दूध खाली पोचवायचं असतं, कुणाला एसटी गाठायची असते, कुणाला दवाखाना. त्यातलेच काही जण रस्त्याकडेला उभे राहून आम्हाला टाळ्या देतात, हे मी पाहिलं आहे आणि त्या टाळ्या मला सर्वांत मोलाच्या वाटतात. एक दूधवाला किटल्या लावलेली मोटारसायकल स्टँडवर लावून बसला होता. त्याला विचारलं, “खोळंबा झाला ना?” तर म्हणाला, “वर्षातनं एकदा. पण कागदाचे पेले उचला तेवढे, जनावरं खातात.”

ते पेले उचलले जातात; शर्यत संपल्यावर स्वयंसेवक पिशव्या घेऊन घाट उतरतात. तरीही वाऱ्यानं दरीत गेलेले राहतातच. आमच्या सरावाच्या गटानं त्यावर एक साधा उपाय सुरू केला आहे. सरावाला येताना प्रत्येकानं आपली बाटली कमरेला बांधून आणायची, टेबलावर पेला घ्यायचाच नाही, आणि शर्यतीनंतरच्या रविवारी पळायला न जाता दरीच्या कडेनं चालत जायचं. पहिल्या खेपेला आम्ही मोजकेच होतो. मागच्या वेळी वरच्या गावातली शाळेची पोरं आमच्याबरोबर आली, आणि त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत होतं की वारा कचरा कुठल्या घळीत नेऊन टाकतो.