रेडिओंतील घरघर आणि खरखर



गाणें ऐन रंगांत आलेलें असतां रेडिओंत घरघर सुरू व्हावी, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस असेल. अशा वेळीं यंत्रावर एक थाप मारण्याची आपली जुनी रीत. परंतु दोष यंत्राचाच असतो असें नाहीं.

कान देऊन ऐकल्यास या उपद्रवाच्या दोन जाती ओळखूं येतात. संथ, एकसुरी घुमणाऱ्या आवाजाचें मूळ बहुधा वीजपुरवठ्यांत असतें. आपल्याकडील प्रवाह सेकंदास ५० आंदोलनें करितो. यंत्रांत तो एकदिश होतांना सामान्यतः १०० आंदोलनांची एक लहर उरते, व ती शमविणें हें कंडेन्सरचें काम. तो जुना होऊन सुकला, कीं लहर लाउडस्पीकरांत उतरते. मग तो जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावा. झांकण स्वतः उघडूं नये. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्यें कांहीं काळ घातक भार राहूं शकतो.

टेलिव्हिजन ध्वनिवर्धकास जोडतांच घुमणें सुरू झालें, तर कारण निराळें. दोन्ही यंत्रांना जमिनीकडे जाणाऱ्या वेगवेगळ्या वाटा मिळून तारांचें वेटोळें होतें व त्यांत नको तो प्रवाह खेळूं लागतो. दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावरून चालवून पाहावीं. येथें कांहीं हुषार लोक प्लगाची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. आवाज थांबतो खरा! परंतु यंत्राच्या धातूच्या पेटींत कधीं वीज उतरली, तर तिला जमिनींत नेणारी वाट तीच असते. ती तोडल्यावर वीज हात लावणाऱ्याच्या देहांतून वाट काढते. ही युक्ति कदापि करूं नये.

आतां खरखर. एलईडी दिवे व मोबाइलचे चार्जर यांतील मंडळ प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडतें व जोडतें; त्या झटक्यांच्या लहरी थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यांत शिरतात. तेथें ध्वनि लहरीच्या उंचीवर स्वार असतो, व खरखरही उंचीच बिघडविते. म्हणून एफएमला तिचा त्रास कमी. शोध घेण्यासाठीं सेलवर चालणारा रेडिओ लावून घरचा मेन स्विच बंद करावा. खरखर थांबली, तर चोर घरांतच आहे. मग स्विच पुन्हां लावून एकेक दिवा, एकेक चार्जर सुरू करीत जावें. न थांबल्यास रेडिओ हळूहळू फिरवावा. एखाद्या दिशेस ती मंदावते. चोर शेजाऱ्यांचा दिवा निघाला, तर रेडिओ त्या भिंतीपासून दूर न्यावा. दिवा बदलण्याची विनंति मात्र चहाच्या वेळीं करावी.