मृदासंधारण अनुदान, अमेरिकेतील

शेतजमिनीची धूप थांबविणे, जलप्रदूषण कमी करणे व वन्य जीवांना आसरा मिळवून देणे या हेतूंनी शासनाने जमीनमालकास करारान्वये दिलेले अर्थसाहाय्य. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या अनुदानाची परंपरा जुनी असून १९८५ मध्ये सुरू झालेला ‘संधारण राखीव भूमी कार्यक्रम’ हा त्याचा एक प्रमुख प्रकार होय.

इतिहास : विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कॅनझस, ओक्लाहोमा, टेक्सस, कोलोरॅडो इ. राज्यांतील नांगरलेल्या गवताळ प्रदेशात अवर्षण व धुळीची वादळे यांमुळे जमिनीचा सुपीक थर उडून गेला. एप्रिल १९३५ मध्ये मृदासंधारण कायदा संमत होऊन ह्यू हॅमंड बेनेट यांच्या प्रमुखत्वाखाली मृदासंधारण सेवा स्थापन झाली. १९३६ च्या कायद्याने जमिनीचा कस घटविणाऱ्या पिकांऐवजी गवत व शिंबावंत पिके घेणाऱ्यांस अनुदान देण्याची तरतूद केली. १९५६ च्या ‘मृदा पेढी’ योजनेत लागवडीखालील जमीन काही वर्षांसाठी पडीक ठेवण्याचे करार करण्यात आले. तथापि हे करार संपले आणि सोव्हिएट संघाच्या १९७२ मधील मोठ्या धान्यखरेदीनंतर किंमती वाढल्या, तेव्हा धूपप्रवण जमिनींवरही पुन्हा नांगर फिरला.

कार्यपद्धती : १९८५ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार जमीनमालक धूपप्रवण जमीन १० ते १५ वर्षांकरिता लागवडीतून काढून तीवर गवत वा झाडे लावतो. त्याबद्दल शासन त्याला दरवर्षी खंड देते आणि लावणीच्या खर्चाचाही सर्वसाधारणपणे निम्मा भाग उचलते. जमिनीची निवड स्पर्धात्मक प्रस्तावांतून होते. मागितलेल्या खंडाबरोबरच पर्यावरणाला होणाऱ्या लाभाचेही गुणांकन केले जाते. काउंटीतील शेतकऱ्यांनी निवडलेल्या समितीचा स्थानिक कारभारात सहभाग असतो. अशा कायमस्वरूपी आच्छादनावर तीव्र दुष्काळात काही अटींवर चराई व गवतकापणी करू दिली जाते.

काउंटीवरील परिणाम : खंडाची रक्कम निश्चित असल्याने अवर्षणाच्या वर्षीही मालकास उत्पन्नाची शाश्वती असते. परंतु जमीन पडीक राहिली, की बियाणे, खते, इंधन व अवजारे यांची विक्री घटते आणि धान्यकोठारांकडे येणारा माल कमी होतो. मालक गावाबाहेर राहणारा असल्यास खंडाची रक्कमही बाहेर जाते, तर खंडाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यास नवी जमीन शोधावी लागते. यास्तव कोणत्याही काउंटीतील २५ टक्क्यांहून अधिक पीकजमीन सामान्यतः या कार्यक्रमात घेता येत नाही. स्थानिक अर्थव्यवस्थेस बाध येणार नसेल, तरच ही मर्यादा ओलांडता येते.

मूल्यमापन : १९८२ ते १९९७ या काळात देशातील पीकजमिनीची वार्षिक धूप सु. ३ अब्ज टनांवरून २ अब्ज टनांच्या खाली आली. यात या कार्यक्रमाचा वाटा मोठा होता. मात्र धूपप्रवण जमिनीवर संधारणाचे उपाय न योजणाऱ्यांची इतर शेती अनुदाने रोखण्याची १९८५ च्या कायद्यातील तरतूदही त्यास कारणीभूत होती. कार्यक्रमाखालील क्षेत्र २००७ मध्ये सु. ३·६८ कोटी एकर (सु. १·४९ कोटी हे.) इतके सर्वाधिक होते. त्यानंतर मका व सोयाबीन यांचे भाव चढल्याने अनेक मालकांनी मुदत संपताच गवताळ जमीन पुन्हा नांगराखाली आणली. २०१४ च्या कायद्याने २०१८ पर्यंत क्षेत्रमर्यादा २·४ कोटी एकरांवर आणली. २०१८ च्या कायद्याने ती २०२३ पर्यंत २·७ कोटी एकरांपर्यंत वाढविली.

करारान्वये मिळणारे संरक्षण मुदतीपुरतेच असते. अनेक वर्षांच्या आच्छादनाने सुधारलेली मृदा एका नांगरटीने पुन्हा उघडी पडू शकते. म्हणून खंडाचा दर पिकाच्या उत्पन्नाच्या तुलनेत पुरेसा ठेवणे, तसेच अतिधूपप्रवण व पाणथळ जमिनींसाठी दीर्घ मुदतीचे वा कायमचे हक्क खरेदी करणे, हे या धोरणापुढील मुख्य प्रश्न आहेत.