मधले पदच ठरवते पूर्ण वर्ग

त्रिपदीचे अवयव पाडताना पहिले व शेवटचे पद वर्गसंख्येसारखे दिसले, की लगेच कंस लिहून मोकळे होण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. गुण गमावले जातात ते येथेच. कारण त्रिपदी पूर्ण वर्ग आहे की नाही, याचा निर्णय मधले पद करते.

(अ + ब)² याचा विस्तार अ² + २अब + ब² असा होतो. अ + ब एवढ्या बाजूचा चौरस काढून त्याचे भाग पाडल्यास अ बाजूचा एक चौरस, ब बाजूचा दुसरा चौरस आणि अ लांबी व ब रुंदीचे दोन आयत मिळतात. २अब हे मधले पद म्हणजे हे दोन आयत होत. अवयव पाडणे म्हणजे हेच तुकडे जोडून मूळ चौरस मिळवणे.

कसोटी सोपी आहे. टोकाच्या दोन्ही पदांची वर्गमुळे काढावीत, त्यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी व ती मधल्या पदाशी ताडून पाहावी. ४क्ष² + १२क्ष + ९ मध्ये वर्गमुळे २क्ष व ३ आहेत. दुप्पट १२क्ष येते, म्हणून उत्तर (२क्ष + ३)². मधले पद ऋण असते, तर (२क्ष − ३)² आले असते. मात्र ४क्ष² + १३क्ष + ९ ची टोके तीच असूनही तिचे अवयव (४क्ष + ९)(क्ष + १) असे निराळे आहेत. शेवटचे पद ऋण असल्यास पूर्ण वर्गाचा प्रश्नच उद्भवत नाही.

या कसोटीचे महत्त्व एका गणितापुरते नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण अपुरा चौरस पूर्ण करून सोडवले. १० च्या निम्म्याचा वर्ग, म्हणजे २५, दोन्ही बाजूंत मिळवला की (क्ष + ५)² = ६४ होते आणि क्ष = ३ ही धन किंमत मिळते. भारतात श्रीधराचार्यांनी दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणून क्ष च्या सहगुणकाचा वर्ग मिळवण्याची रीत सांगितली. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात ती उद्धृत केली आहे.

दहावीतील वर्गसमीकरणाचे सूत्र याच मार्गाने सिद्ध होते. त्यामुळे ऐन परीक्षेत सूत्र आठवले नाही, तरी पूर्ण वर्ग करता येणाऱ्या विद्यार्थ्याचे गणित अडत नाही.