कुत्र्याचा कौल आणि गंधाचा आलेख

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जीवाणू घाम आणि तेलकट स्राव यांचे विघटन करतात, काही स्रावांवर हवेतील ऑक्सिजनची क्रिया होते, आणि मग नोनॅनाल, डेकॅनाल यांसारखी अल्डिहाइडे, कीटोने व आम्ले तयार होतात. तुमच्या-माझ्या हातावर बहुतांशी हीच संयुगे आढळतात; त्यांचे परस्परप्रमाण मात्र माणसागणिक निराळे. लसूण, साबण, तेल यांचे वास त्यावर चढतात ते वेगळेच.

कुत्रा या सरमिसळीतून माणूस ओळखतो. चेक संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 10 पोलीस श्वानांना एकरूप जुळ्यांचे गंध दिले. ही भावंडे एकाच घरात राहणारी, एकच अन्न खाणारी होती. तरीही एकाही श्वानाची चूक झाली नाही!

मग न्यायालये बिचकतात का? अडचण कुत्र्याच्या नाकाची नाही, दोरी धरणाऱ्याची आहे. नेदरलँड्समध्ये संशयिताला व काही त्रयस्थांना पोलादी नळ्या हातात धरायला लावून त्या ओळीने मांडत आणि गुन्ह्याच्या जागची वस्तू हुंगवून श्वानाला ओळीवरून नेत. त्याआधी एका त्रयस्थाचा गंध ओळखण्याची चाचणी होई. तिच्यात श्वान संशयिताच्याच नळीकडे ओढला गेला तर तो बाद. कारण तो गंध त्याला नुसताच आकर्षक वाटत असेल. उत्तम नियम! दुसरा नियम असा की, संशयिताची नळी कितवी हे श्वान-हस्तकाला ठाऊक नसावे. एका श्वानपथकात 1997 पासून हा नियम पाळला जात नव्हता, हे 2006 मध्ये उघडकीस आले आणि कित्येक निकालांवर प्रश्नचिन्ह लागले. हस्तक प्रामाणिक असला तरी त्याचे पाऊल नकळत अडखळते, दोरी किंचित सैल पडते, आणि कुत्रा ते टिपतो. गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर बदलणारा विद्यार्थी आपण सर्वांनीच पाहिला आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही महाराष्ट्रातील एका जुन्या खटल्यात श्वानाने काढलेल्या मागाला फारसे वजन दिले नाही. अशा पुराव्यावरचा एक नेहमीचा आक्षेप म्हणजे कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही.

यंत्राची घेता येते. गंध शोषलेले कापड बंद बाटलीत ठेवून तिच्यात विशिष्ट लेप दिलेला बारीक तंतू सोडतात. तंतूवर बसलेली संयुगे गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये तापवून सुटी करतात आणि वस्तुमान वर्णपटमापीने ओळखतात. हाती येतो आलेख. तो विरुद्ध पक्षाच्या तज्ज्ञालाही तपासता येतो. फ्लोरिडातील संशोधकांनी 2023 साली 60 व्यक्तींच्या तळहातांच्या गंधावरून स्त्री की पुरुष हे सुमारे 97 टक्के अचूक सांगितले. पण स्त्री-पुरुष ओळखणे आणि शंभरांतून एक माणूस ओळखणे यांत फार अंतर आहे. शिवाय कुत्रा तोच नमुना पुन्हा हुंगू शकतो. तंतूवरचा गंध मात्र एकदा तापवला की संपतो.