मत्स्यप्रशिक्षण नौका

मत्स्यविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना समुद्रावर मासेमारी, नौकानयन व नमुनासंकलन प्रत्यक्ष शिकवण्यासाठी वापरली जाणारी यंत्रचलित नौका म्हणजे मत्स्यप्रशिक्षण नौका होय. मुंबई उपनगरात, अंधेरी पश्चिमेतील वर्सोवा येथील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या ‘सरस्वती’ व ‘नर्मदा’ या अशा नौका होत. त्यांच्या नावाआधी येणारी ‘एम.एफ.व्ही.’ ही अक्षरे मासेमारी नौकेची निदर्शक असून त्यांचा नौदलाशी संबंध नाही.

पार्श्वभूमी

संस्थेची स्थापना ६ जून १९६१ रोजी झाली. १९७९ मध्ये ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्रारंभी येथे मुख्यतः राज्यांच्या मत्स्यविभागातील अधिकारी प्रशिक्षण घेत. जाळ्यांचे नियम ज्यांनी राबवायचे, त्यांनी जाळे पाण्यात कसे वागते हे पाहिलेले असणे आवश्यक होते. नौकेची गरज मूलतः येथून निर्माण होते.

नौकेवरील शिक्षण

प्रतिध्वनी यंत्राने खोली मोजून ट्रॉल जाळ्यासाठी किती दोर सोडायचा हे ठरवले जाते. जाळ्याचे तोंड दोन जड फळ्यांच्या साहाय्याने आडवे उघडे राहते. नौकेचा वेग फार वाढला तर जाळे तळापासून उचलले जाते, फार घटला तर फळ्या जवळ येऊन तोंड मिटते. ओढ सुरू झाल्याची व संपल्याची वेळ आणि स्थान नोंदवले जाते. मासळी जातीनुसार वेगळी करून मोजली व तोलली जाते. दीड तासाच्या ओढीत ९० किलो मासळी मिळाली, तर ताशी प्रमाण ६० किलो येते. ओढीचा काळ नोंदवला नसेल, तर नुसत्या वजनावरून साठ्याविषयी काहीच सांगता येत नाही.

जाळ्याच्या शेवटच्या थैलीचा आस हा या शिक्षणातील सर्वांत महत्त्वाचा भाग मानता येईल. शंकरपाळ्याच्या आकाराचे आस ताण पडताच मिटत जातात आणि लहान पिल्ले आतच अडकतात. चौरस आस बऱ्याच अंशी उघडे राहतात. वर्गात मोजपट्टीने दोन्ही सारखेच भरतात. फरक दिसतो तो ओढीनंतर थैली डेकवर रिकामी केल्यावर.

वर्सोव्याच्या कोळ्यांची पारंपरिक डोल मात्र ओढली जात नाही. ती खांबांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात धरली जाते आणि बोंबील, जवळा तिच्यात येतात. त्यामुळे तिचे गणित यंत्राच्या वेगावर नसून उधाण व भांग यांवर चालते. केवळ ट्रॉल शिकलेल्या विद्यार्थ्याला संस्थेच्या शेजारचीच मासेमारी अपुरी समजेल.

इतर प्रशिक्षण नौकांशी तुलना

मासेमारी नौकांचे चालक व अभियंते घडवण्याचे काम कोची येथे १९६३ मध्ये स्थापन झालेली वेगळी केंद्रीय संस्था करते. तेथे समुद्रावरील सेवाकाळ परवाना परीक्षेसाठी आवश्यक असतो. मुंबईची ‘डफरिन’ ही १९२७ पासूनची प्रशिक्षण नौका व्यापारी जहाजांच्या अधिकाऱ्यांसाठी होती आणि ती माझगावजवळ नांगरलेली असे. नांगरलेल्या जहाजावर शिस्त व नौकानयनाचे सिद्धांत शिकवता येतात, पण ट्रॉल ओढणे शिकवता येत नाही.

मर्यादा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. खवळलेल्या समुद्रामुळेही या काळात सफरी टाळल्या जातात. तेव्हा धक्क्यावर जाळी विणणे, फाटलेले आस सांधणे व यंत्राची देखभाल हे विषय शिकवणे सोयीचे ठरते.