संख्यांचे कुलूप

महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपून ठेविले होते. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह लिहावयाचे, हा त्या लिपीचा संकेत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो बुद्धीने उकलला.

आज कांदिवली स्थानकाबाहेर भाजीवाल्याला कोणी मोबाइलवरून पैसे देतो, तेव्हा तो संदेशही सांकेतिक रूपानेच जातो. मात्र त्याची किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या असते.

मुलांनो, सायकलीच्या तीन आकडी कुलपाचे १००० पर्याय चोर थोड्या वेळात फिरवून पाहील. संगणकाची किल्ली बिटांची असते. बिट म्हणजे शून्य किंवा एक. एक बिट वाढला, की किल्ल्या दुप्पट होतात. २५६ बिटांच्या किल्ल्यांची संख्या ७८ आकडी भरते!

अधिक वेगवान यंत्र केले तर? तेथे निसर्गच आडवा येतो. एक बिट पुसण्यासही काही ऊर्जा खर्चावीच लागते, असे रॉल्फ लँडॉवर यांनी १९६१ साली दाखविले. सूर्याची जन्मभराची सारी ऊर्जा वापरली, तरी आजच्या पद्धतीच्या संगणकाला त्या किल्ल्या नुसत्या मोजताही येणार नाहीत. भारतात जन्मलेल्या लव ग्रोव्हर यांनी १९९६ साली क्वांटम संगणकासाठी एक युक्ती शोधली. तिनेही प्रयत्नांची संख्या ३९ आकडीच राहते. दुसऱ्या प्रकारची काही कुलपे मात्र असा संगणक उघडू शकेल. म्हणून त्यांच्या जागी नवी कुलपे घडविली जात आहेत.

चोर हे जाणून असतो. तो कुलूप फोडीत बसत नाही. गोड बोलून आपला गुप्त आकडाच विचारतो. तो न सांगणे आपल्याच हाती आहे.