अजिंठा वाचायचा कसा?

देशाच्या कलेचा इतिहास लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. प्रत्येकीचा प्रश्न वेगळा, म्हणून उत्तरही वेगळं.

शाळेच्या पुस्तकात भारतीय कला घराण्यांच्या रांगेने येते : मौर्य, सातवाहन, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट. ही रांग कुणी लावली, कशावरून लावली, हे मात्र विद्यार्थ्याला कळत नाही. ते समजून घ्यायला अजिंठ्याइतकं चांगलं उदाहरण नाही. वाघूर नदीच्या काठच्या या लेण्यांवर गेल्या दोनशे वर्षांत कलेतिहासाच्या बहुतेक पद्धती वापरून झाल्या आहेत.

पहिली पद्धत शैलीची. वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन १८३९ मध्ये अजिंठ्याला आला. खांब, कमानी, स्तूप यांची घडण ताडून त्याने लेण्यांचा क्रम लावला. जिथे एकही तारीख कोरलेली नाही, तिथे ही पद्धत फार उपयोगी पडते. १८७६ च्या ग्रंथात त्याने साऱ्या देशाच्या वास्तूंची मांडणी केली. पण वाटणी धर्म आणि वंश यांवरून केली आणि बौद्ध काळानंतर कला उतरणीला लागली, असा निवाडाही दिला. शैलीवरून आधीचं आणि नंतरचं ठरवता येतं, चांगलं आणि वाईट नाही. त्या निवाड्याचं ओझं आपल्या पाठ्यपुस्तकांनी दीर्घकाळ वाहिलं.

त्याला उत्तर दिलं ई. बी. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांनी. ग्रीक मापाने बुद्धमूर्ती मोजू नका, तिच्यामागचं ध्यान आणि तत्त्वज्ञान समजून घ्या, असा त्यांचा आग्रह होता. तो न्याय्यच होता. मात्र सगळी कला एकाच ‘भारतीय मना’तून उमलली असं मानलं, की कारागीर, पैसा आणि प्रदेश नजरेआड होतात.

कलेमागची माणसं पुन्हा दिसतात ती शिलालेखांत. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे वाकाटकांचे लेख वा. वि. मिराशी यांनी संपादित केले. त्यांवरून कळतं, की अजिंठ्याचं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने दान दिलं. सव्विसावं बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने करवलं. म्हणजे या वैभवामागे एकटा राजा नव्हता. मंत्री, मांडलिक आणि भिक्षू यांनी ते उभं केलं.

अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांची पद्धत मला सर्वांत जास्त शिकवणारी वाटते. त्यांनी अपुऱ्या कामांकडे लक्ष दिलं. दारं ज्या खाचांत फिरत, त्या खोदण्याची रीत कशी बदलली? कुठे छिन्नी अचानक थांबली? मूळ योजनेत नसलेल्या मूर्ती मागाहून कुठे घुसवल्या? या खुणांवरून त्यांनी मांडलं, की वाकाटककालीन लेणी साधारण इ. स. ४६० ते ४८० या वीसेक वर्षांतच झाली. हरिषेणाच्या मृत्यूनंतर आश्रय तुटला आणि काम थांबलं. त्याआधीचे अभ्यासक हा काळ सातव्या शतकापर्यंत ताणत. वाकाटकांच्या पडझडीचं प्रतिबिंब दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त आहे, हा मिराशींचा तर्क स्पिंक यांनी आपल्या मांडणीत घेतला. दगडावरची खूण आणि संस्कृत कथा अशा एकमेकींना भेटल्या. काही अभ्यासकांना हा कालक्रम मान्य नाही. पण त्यांनाही आता त्या खुणांचा खुलासा करावा लागतो.

रंगांची तपासणी आणखी वेगळं बोलते. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग जवळपासचे. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींकडून आलेला. तो व्यापाराचा पुरावा आहे. रंगांपलीकडे जाऊन म. के. ढवळीकर यांनी चित्रांतली वस्त्रं, दागिने, भांडी अभ्यासून त्या काळचं रोजचं जगणं उभं केलं.

यांतली कोणतीही एक पद्धत पुरी नाही. शैलीने लावलेला क्रम शिलालेखाने तपासावा, शिलालेखातला मोठेपणा छिन्नीच्या खुणांनी तपासावा. अशा तपासणीत टिकतो तोच विश्वासार्ह इतिहास. म्हणून मुलांना लेण्यांची यादी पाठ करायला लावू नये. एका लेण्यासमोर उभं करून विचारावं : हे कुणी करवलं, कुणी घडवलं, आणि हे आपण कशावरून म्हणतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला शिकलेलं मूल आपल्या देशाचा वारसा अभिमानाने सांगेल आणि पुराव्यानिशीही सांगेल.